या ना एकदा जेवायला

जुनी जहाजं भंगारात निघण्याआधी त्यांच्यावरच्या खुर्च्या, पलंग, भांडी मोजून स्टिकर लावायचे, हे अनुराधाच्या ऑफिसचं काम. ऑफिस दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, एकतिसाव्या मजल्यावर, मस्त एसीत. पण स्टिकर तिथे बसून लागत नाहीत. म्हणून ऑगस्टातल्या एका गुरुवारी भर दुपारी, सेहेचाळीस वर्षांची आणि दोन्ही गुडघ्यांनी कुरकुरणारी अनुराधा रास अल खैमाच्या बंदरात एका म्हाताऱ्या प्रवासी जहाजाची शिडी चढत होती. खांद्याला डबा होता. आयडी कार्ड ती दोनदा विसरली होती, डबा कधीच नाही.

जहाजाची फाइल तिने येताना गाडीत चाळली होती. जगाच्या पार दक्षिण टोकाला फॉकलंड नावाची बेटं आहेत, माणसं कमी आणि मेंढ्या फार. १९८२ साली त्यांच्यावरून ब्रिटन आणि अर्जेंटिना लढले. तेव्हा हे जहाज ब्रिटिशांनी सैनिक न्यायला घेतलं, आणि लढाई संपल्यावर ह्याच जहाजाने अर्जेंटिनाचे हरलेले सैनिक घरी पोचवले. पोरंच ती. एकोणीस-एकोणीस वर्षांची, सक्तीने भरती केलेली, थंडीत अर्धपोटी खंदकात बसलेली. फाइलमध्ये चढतानाची डोकी आणि उतरतानाची डोकी जुळत नव्हती, एक कमी होतं. अनुराधाने सवयीने तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलं.

जहाजावर राखणदार एकटाच, केरळचा यहया. तो वरच थांबला. खालच्या जेवणघरात यायचं नाही म्हणाला, गुडघे दुखतात. गुडघ्यांवर अनुराधा कुणाशी वाद घालत नाही.

बाहेर पंचेचाळीस डिग्री, जहाजाचा जनरेटर बंद. तरी जेवणघरात गार होतं. ओला स्वेटर घडी करून ठेवून दिल्यावर येतो तसला वास येत होता. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक पोरगा बसला होता. जाड कोट, फुटलेले ओठ, पुढ्यात रिकामी थाळी. नवा खलाशी असेल, असं तिला वाटलं. "खाना खाया?" तिने विचारलं. तो नुसता डब्याकडे बघत राहिला. मग काय, दोन थालीपीठं आणि लोणच्याची फोड त्याच्या थाळीत गेली. तो मान खाली घालून खायला लागला आणि ही खुर्च्यांना स्टिकर लावायला लागली. निघताना म्हणाली, "घर आना कभी, खाने पे."

आता पुण्यात वाढलेल्या बाईचं 'या ना एकदा जेवायला' म्हणजे काय, हे पुण्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तो 'हो हो, नक्की' म्हणतो आणि येत नाही. अर्जेंटिनात बहुतेक ही पद्धत नसावी.

वर आल्यावर यहयाने विचारलं, मॅडम खाली कुणाशी बोलत होत्या? जहाजावर तर तो एकटाच आहे. अनुराधा परत खाली गेली. थालीपीठं थाळीत जशीच्या तशी होती, फ्रीजरमधून काढल्यासारखी थंड. तिने एक तुकडा तोंडात टाकून बघितला. मीठ नाही, तिखट नाही, कसलीच चव नाही. ऊन लागलं असेल, असं तिने ठरवलं. चाळिशीनंतर बाई बरंच काही असं ठरवून टाकते.

रविवारी दुपारी एक वाजता, ऊद मेथातल्या त्यांच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात कुणी नव्हतं. ओल्या लोकरीचा वास तेवढा आत आला.

त्या दिवसापासून तनिषचं जेवण बंद झालं. तनिष म्हणजे तिचा मुलगा, एकोणीस वर्षांचा, एरवी एका बैठकीत अर्धा किलो बिर्याणी संपवणारा. ताटावर बसायचा आणि म्हणायचा, "आय ऑलरेडी एट, आई." ताटातलं अन्न तसंच, पण बर्फ झालेलं. एसी बंद केला तरी तो ब्लँकेट गुंडाळून बसायचा. तीन आठवड्यांत सात किलो गेले. डॉक्टरांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. हाताला सलाइन लावायची वेळ आली तेव्हा तिने नवऱ्याला, गुणवंतला, जहाजावरचं सगळं सांगितलं.

गुणवंत हसला नाही. माझ्या बॉसलाही तू असंच बोलावलं होतंस, म्हणाला, तो सहकुटुंब आला होता. मग हळूच म्हणाला, "तू बोलावलंस. आता तूच सांग त्याला."

त्याच संध्याकाळी तनिषला भरवताना त्याने तिचा हात धरला. ओठ फुटले होते त्याचे. "वेट, आई... ही इज स्टिल हंग्री. लेट हिम फिनिश."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुराधा रास अल खैमाला गेली. तो त्याच टेबलाशी होता. गाडीत तिने वाक्य घोकलं होतं, आता येऊ नकोस. सोपं वाक्य. पण आलेल्या पाहुण्याला 'येऊ नकोस' म्हणायला तिची जीभ आयुष्यात वळली नव्हती, आणि त्याच्या मनगटाची हाडं तर तनिषपेक्षाही वर आलेली. ती समोर बसली. हिंदी सुचेना, मराठीतच बोलली.

"माझ्या पोराला जेवू दे रे... बाकी तुला हवं ते घे."

त्याने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. मग थाळी पालथी घातली आणि उठला.

ती घरी पोचली तेव्हा तनिष डायनिंग टेबलाशी बसून जेवत होता. ब्लँकेट नाही, काही नाही. गुणवंत पोळ्या गरम करत होता, त्याचे डोळे ओले होते. सातवी, म्हणाला. अनुराधाने देवापुढे साखर ठेवली आणि पर्स न काढता पोराच्या शेजारी बसून राहिली.

फोन वाजला. यहयाचा मेसेज होता. जहाज आत्ताच ओढून नेलं, मॅडम, खलास. खाली फोटो होता. जहाज बंदराच्या तोंडाशी, मागच्या डेकवर कठड्याला धरून कुणीतरी उभं. 'जहाज पे तो कोई नहीं था। ये कौन है?'

तिने फोटो मोठा केला. लाल टी-शर्ट. तनिषच्या गेल्या वाढदिवसाला कराम्याच्या बाजारातून आणलेला, खांद्याशी उसवलेला आणि तिनेच पांढऱ्या दोऱ्याने टाचलेला, कारण लाल दोरा सापडला नव्हता. चेहरा किनाऱ्याकडे. तोंड उघडं, हाक मारताना असतं तसं.

शेजारी चमच्याचा आवाज थांबला. ताट स्वच्छ झालं होतं.

अनुराधाने फोन पालथा ठेवला. बराच वेळ ती त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळत राहिली.

"अजून वाढू?" तिने विचारलं.

त्याने ताट पुढे केलं.