उद्याची बाई

गीतांजली आवटीला बँकेनं तिसऱ्यांदा क्रेडिट कार्ड नाकारलं. कारण एकाच ओळीत दिलं होतं: 'अर्जदाराचं उद्याशी पुरेसं नातं आढळलं नाही.'

तिनं ती ओळ दोनदा वाचली, फोन पिठाच्या डब्यावर उपडा ठेवला आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. मिरजेत दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ होती. शिकाऊ डॉक्टर आणि पेशंटांचे नातेवाईक मिळून साठ-पासष्ट डबे रोज जात. उद्याशी नातं नाही म्हणे! रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची मटकी भिजत घालणाऱ्या बाईला असं सांगायला बँकेचीच जीभ हवी.

त्या काळात क्रेडिट कार्ड ही हौसेची गोष्ट राहिली नव्हती. नोटा जाऊन बारा वर्षं झाली होती. घर भाड्यानं देणारा आधी कार्ड बघे, नाव नंतर विचारी. मोठे दवाखाने कार्डाची मर्यादा तपासल्याशिवाय पेशंटला खाट दाखवत नसत. आणि कार्ड हवं तर आधी कर्ज घेऊन नीट फेडल्याची नोंद दाखवा. कर्ज हवं तर आधी कार्ड दाखवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत.

गीतांजलीचा गुन्हा असा की तिनं जन्मात कधी कर्ज काढलं नव्हतं. खानावळीचा परवाना, खातं, सगळं नवऱ्याच्या नावावर होतं, आणि नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. तिच्या स्वतःच्या नावावर होती फक्त भिशी. बारा बायकांची भिशी तिनं बावीस वर्षं चालवली. चालवणारीनं पहिला नंबर घ्यायचा, अशी गल्लीची रीत होती. हिनं तो कधीच घेतला नाही. कुणाच्या घरी बाळंतपण, कुणाचं छप्पर गळतंय, म्हणून ती दर वर्षी शेवटी उरायची. एखादीचा हप्ता हुकला तर न बोलता स्वतः घालायची. अख्ख्या गल्लीत तिच्या शब्दावर सोनं ठेवलं असतं लोकांनी. पण गल्लीची नोंद कुठल्या संगणकात नसते.

अशा बिननोंदीच्या लोकांसाठीच बँकांनी 'उद्यांक' आणला होता. त्यामागचं विज्ञान समजायला सोपं आहे. माणूस स्वतःबद्दल विचार करतो, तेव्हा कपाळाच्या मागं, मेंदूच्या मधल्या भागात एक ठरावीक जागा जागी होते. परक्याबद्दल विचार करताना ती जवळजवळ झोपून राहते. आता त्याच माणसाला सांगा, दहा वर्षांनंतरच्या स्वतःचा विचार कर. पुष्कळांची ती जागा तेव्हाही झोपलेलीच राहते. म्हणजे उद्याचा मी हा त्यांच्या मेंदूला कुणीतरी परका वाटतो, आणि परक्यानं फेडायचं कर्ज माणूस हसत हसत काढतो. उलट ज्याला उद्याचा मी सख्खा वाटतो, तो हप्ता चुकवत नाही. हे सख्खेपण शून्य ते शंभरात मोजलं की झाला उद्यांक. कार्डासाठी साठ लागत. गीतांजलीचा बावीस होता.

कार्ड हवं होतं मुलीसाठी. ऋतुजा चोवीस वर्षांची होती, तंतुवाद्यांच्या कारखान्यात तंबोऱ्याच्या भोपळ्यावर नक्षी काढायची. सहा महिन्यांपूर्वी तिला नक्षीतलं फूल कडेनं दिसायला लागलं आणि मधोमध राखाडी डाग. डोळ्यांच्या पडद्यातल्या पेशी मरत चालल्या होत्या. उरलेल्या पेशींत दुरुस्त जनुक सोडलं तर नजर वाचत होती, मात्र ते चार महिन्यांच्या आत व्हायला हवं. मेलेल्या पेशींना कुठलंच औषध लागू पडत नाही. खर्च चाळीस लाख, आणि तोही एकरकमी कार्डावरच. जिची नजर जाणार आहे तिला बँक कार्ड देणार नव्हतीच. राहिली आई.

तिसऱ्या नकारानंतर बँकेनं गीतांजलीला सांगलीला बोलावलं. तिथं डॉ. सलील ओगले हे मेंदूतज्ज्ञ होते. पगार बँकेचा, स्वभाव भल्या माणसाचा. अशा माणसांची फार कुचंबणा होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हेल्मेटसारखं यंत्र बसवलं.

"डोळे मिटा, ताई. आजपासून दहा वर्षांनंतरची सकाळ. काय दिसतंय?"

"ऋतुजा दिसतीय. कारखान्यात बसलीय, नक्षी काढतीय. चष्मापण नाही." गीतांजली मिटल्या डोळ्यांनी हसली.

"आणि तुम्ही?"

ती बराच वेळ शोधत राहिली. "असेन की कुठंतरी. आत, चुलीपाशी."

ओगल्यांनी तिला पडद्यावर दोन चित्रं दाखवली. पहिल्यात तिनं दहा वर्षांनंतरच्या स्वतःचा विचार केला होता. मधली जागा काळी. दुसऱ्यात तिला नुसता ऋतुजाचा फोटो दाखवला होता. तीच जागा लखलखत होती.

"हे बघा. मेंदूत 'मी'साठी जी जागा असते, तिथं तुमची मुलगी बसलीय."

"मग कुठं बसायला पाहिजे होती?" गीतांजलीनं विचारलं.

ओगले जरा हसले, मग गंभीर झाले. "यावर उपाय आहे. त्याला आम्ही स्ववळण म्हणतो. चुंबकाचे हलके झटके देऊन या जागेकडं येणाऱ्या वाटा बदलायच्या. मुलीकडं जाणारा ओघ उद्याच्या तुमच्याकडं वळवायचा. दोन सकाळचं काम आहे. दुखत नाही."

गीतांजलीचं माहेर शेतकऱ्याचं. तिला चटकन कळलं. "म्हणजे एका वाफ्याचं दारं मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडायचं."

"अगदी तसंच."

"आणि पहिला वाफा?"

ओगल्यांनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगतो. मुलगी तुम्हाला ओळखू येईल, तिच्या सगळ्या आठवणी राहतील, तिचं बरं व्हावं असंही वाटेल. पण आज तिला ठेच लागली की तुमच्या जिवात कळ येते ना, ती येणार नाही."

गीतांजलीला भीती वाटली, खरोखरची भीती वाटली. मग तिनं आपल्या परीनं हिशेब केला. बायकांनी बावीस वर्षं तिच्यावर विश्वास टाकला होता, आणि त्याचा परिणाम असा की तिचा स्वतःचाही तिच्यावर बसला होता.

"न येऊ दे कळ," ती म्हणाली. "तिचे डोळे राहिले म्हणजे झालं. कार्ड हातात आलं की पहिला खर्च तिच्या डोळ्यांचा, हा माझा शब्द. आणि मी दिलेला शब्द मी विसरत नाही, डॉक्टर. कुणालाही विचारा."

"शब्द तुम्ही नक्कीच विसरणार नाही," ओगले म्हणाले.

पुढचं ते बोलले नाहीत. शब्द लक्षात राहणं आणि तो पाळावासा वाटणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण न विचारलेलं सांगू नये असा बँकेचा नियम होता, आणि ओगल्यांच्या घराचे हप्तेही त्याच बँकेत होते.

त्याच आठवड्यात गीतांजलीनं भिशीतल्या सगळ्या जणींना घरी बोलावलं आणि सगळ्यांसमोर ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवून तोच शब्द पुन्हा दिला. भिशीत शब्द असाच देतात, चारचौघींत. एकदा दिला की कागद लागत नाही. बायकांचे डोळे भरून आले, ऋतुजा तर आईच्या कमरेला मिठी मारून रडली.

वळण झालं. तिसऱ्या दिवशी उद्यांक अठ्ठ्याऐंशी आला आणि दुपारी कार्ड मंजूर झालं. मर्यादा पंचेचाळीस लाख.

त्या दुपारी गीतांजलीनं चुलीपुढं बसल्या बसल्या स्वतःचे तळवे पाहिले. भाजल्याचे डाग, भेगा. पन्नास वर्षांत तिनं ते असे पाहिलेच नव्हते. तिला गलबलून आलं. या हातांचं आणखी दहा वर्षांनी काय होईल? डोळे मिटले तर साठीची एक बाई स्वच्छ दिसली, गुडघे धरून पायरी उतरणारी, एकटी. तिच्यासाठी गीतांजलीच्या पोटात असं काही तुटलं की ती पदर तोंडाला लावून रडली. दुसऱ्या दिवशी तिनं उंच ओटा करून घेतला, चांगली खुर्ची आणली.

दवाखान्यानं ऋतुजाला चौदा तारीख दिली. चौदाला आई म्हणाली, "बघू." मग अठ्ठावीस मिळाली. सत्तावीसला ऋतुजानं स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "आई, उद्या सकाळी सातला जायचंय ना?"

"बस जरा," गीतांजली म्हणाली. तिचा आवाज गोड होता, डबा लावलेल्यांना महिन्याची दरवाढ सांगताना असायचा तसा. "मी नीट विचार केलाय. चाळीस लाख म्हणजे बारा वर्षं हप्ते. त्या बाईचा कुणी विचार करायचा?"

"कुठली बाई?"

"मीच. बासष्ट वर्षांची. गुडघे गेलेत आणि तरी भाकऱ्या थापतीय, तुझ्या डोळ्यांपायी. मला दिसते गं ती. तिचं कोण आहे माझ्याशिवाय?"

ऋतुजाला आधी वाटलं, आई चेष्टा करतेय. मग तिनं मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेनं आईचा चेहरा शोधला. तिथं चेष्टा नव्हती.

"तू शब्द दिला होतास. सगळ्यांच्या समोर."

"दिला होता, आठवतं की. ज्या बाईनं दिला तिचं मला कौतुकच वाटतं. पण फेडायचं मला आहे." गीतांजलीनं परातीत पीठ घेतलं. "आणि हे बघ, आंधळ्या माणसाचा कान तयार असतो म्हणतात. नक्षी सोड, जवारी लावायला शीक. तारेचा नाद काय डोळ्यांनी जुळवतात? कानांचंच काम ते."

भिशीच्या बायका आल्या, भांडल्या, पाया पडल्या. गीतांजलीनं सगळ्यांना चहा दिला आणि सगळ्यांचं ऐकून घेतलं. बँकेनं मात्र तिची मर्यादा साठ लाखांवर नेली. उधळपट्टी न करणारा ग्राहक कुणाला नको असतो?

चार महिन्यांतले बारा दिवस उरले होते, तेव्हा ऋतुजा मैत्रिणीचा हात धरून सांगलीला गेली आणि ओगल्यांना घेऊनच परतली. दुपारचे डबे नुकतेच गेले होते. ओगले खानावळीच्या बाकावर बसले. त्यांनी आणलेला कागद तिच्यापुढं धरला.

"ताई, एक कलम आहे. वळण झाल्यापासून नव्वद दिवसांत ते उलटं फिरवता येतं. अजून आठ दिवस आहेत. कार्ड जाणार नाही, मी बघून घेतो. फक्त तुमची सही लागेल."

"आजवर किती जणांनी केली सही?"

ओगल्यांनी खाली पाहिलं. "सव्वा लाख वळणं झाली. सही एकानंही केलेली नाही. बँक ते जाहिरातीत छापते."

"असं." गीतांजलीनं कागद घेऊन सावकाश वाचला. "म्हणजे सही केली की मला पहिल्यासारखं वाटायला लागणार?"

"हो."

"मग मी हे चाळीस लाख हिच्यावर घालवणार. हिला जरा खरचटलं तरी माझा जीव जाणार. आणि त्या म्हातारीला मी पुन्हा विसरणार."

"...हो."

"डॉक्टर, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा, शहाणं माणूस यावर सही करेल?"

परतीचं दार ओगल्यांनीच ठेवायला लावलं होतं, बँकेशी भांडून. त्याची कडी ज्या बाईच्या हातात दिली होती, ती बाई वळण झालं त्याच दिवशी घरातून गेली होती, आणि हे त्यांना आज, इथं, पाण्याच्या पेल्यासमोर बसल्यावर कळलं. गीतांजलीनं कागदाची नीट घडी घालून त्यांना परत दिली. ते उठून निघून गेले.

ऋतुजा भिंतीशी पाटावर बसली होती. आता तिला समोरचं माणूस म्हणजे कडेला थोडा उजेड आणि मधे राखाडी डाग. त्या डागाकडं तोंड करून तिनं विचारलं, "आई, तुला माझं काहीच वाटत नाही का गं?"

गीतांजलीनं प्रश्न टाळला नाही. खोटं बोलायची सवय तिला आधीही नव्हती. तिनं थोडा वेळ खरोखर विचार केला, मनात हात घालून चाचपून पाहिलं.

"वाटतं की," ती म्हणाली. "शेजारच्या पोरीचं वाटावं तेवढं वाटतं. वाईटच झालं तुझं."

मग तिनं गरम भाकरी आणि आमटी ताटात वाढली आणि ताट ऋतुजाच्या हाताजवळ थोडं सरकवलं, सांडू नये म्हणून.