तिसरा ठोका

चांद्याच्या जटपुरा दरवाज्याजवळच्या नीळकंठ कोत्तावारांच्या ओसरीवर त्या सकाळी मुंबईचे एक साहेब येऊन बसले. नाव आगाशे, काम आगीचं. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि नव्या सरकारला गावोगावची आग विझवण्याची व्यवस्था सुधारायची होती. काय हवं ते लोकांनाच विचारावं, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. विचार चांगला होता, म्हणून तो आगाशांच्या गळ्यात पडला.

कोत्तावार पूर्वी पोलिसात होते. वरिष्ठांशी पटलं नाही म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि आता लोकांची अडलेली कोडी सोडवत. त्यांच्या शेजारी पान जुळवत बसलेले दादाजी बुरांडे म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकला मास्तर. डोक्याने सावकाश, पायाने त्याहून सावकाश. पण कोत्तावारांना त्यांच्यावाचून करमत नसे.

आगाशांनी हकीकत सांगितली. बाकीच्या गावांनी विहीर मागितली, बादल्या मागितल्या, एका गावाने तर बंबासोबत बंबवाल्याला बायकोही मिळवून द्या म्हटलं, म्हणजे तो टिकेल. पण चामोर्शीपलीकडच्या कोसमटोल्याने एकच सूचना केली. घंटा काढून न्या.

ही घंटा म्हणजे आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा. गावाच्या टोकाला चिंचेवर टांगलेला, शेजारी ठोकायला लोखंडी सळई. आग दिसली की वाजवायची आणि गावाने तळ्यावरून पाणी घेऊन धावायचं. गेल्या वैशाखात गावात आग लागली, रंभा नावाची तरुण बाई जळून मेली आणि पाणी घेऊन कुणीच आलं नाही. आता ती घंटा तिन्हीसांजेला आपोआप वाजते, असं गाव म्हणत होतं.

"सरकारी घंटा भूत वाजवतं, असं मी वर काय लिहू?" आगाशे म्हणाले. "परवा पुन्हा सुनावणी आहे. गाव अडून बसलं तर घंटा उतरवावी लागेल. पण त्या रंभेची आई, देवकाबाई, माझ्या गाडीमागे धावत आली. म्हणाली, माही पोर कशानं मेली ते पयले सांगा, मंग घंटा न्या."

कोत्तावारांनी चहाचा कप खाली ठेवला. त्या एका वाक्यासाठी ते निघाले.

मूल गावापर्यंत मोटार, वैनगंगा डोंग्याने, पुढे छकडा. कोसमटोला ढिवरांचं गाव. तळ्यावर मासे, थोडा धान, उन्हाळ्यात जंगलातली मजुरी. चिंच गावाच्या शेवटी उभी होती. तिच्यापलीकडे रंभेच्या घराच्या जळक्या भिंती, आणि भिंतींना लागून जंगल सुरू. दिवाळी होऊन गेली होती, तरी त्या घराच्या अंगणात कुणी पाऊल टाकलं नव्हतं. गवत माणसाच्या कमरेला लागत होतं. दादाजींनी तिथूनच हात जोडले.

कोतवाल पोचू पहिल्यांदा भेटला. घंटेची राखण त्याच्याकडे. फाल्गुनात ती पहिल्यांदा वाजली तेव्हा सगळं गाव घागरी घेऊन धावलं, असं तो म्हणाला. चिंचेखाली चिटपाखरू नव्हतं. दोन ठोके पडले होते, आणि मग सगळं चूप. त्यानंतर अशी ती कितीतरी सांजांना वाजली.

"माणूस तीनदा हाक मारते, साहेब," पोचू म्हणाला. "भुताले तिसरी हाक जमत नाई. म्हणून आमच्याकडं तिसरी हाक आल्याबिगर कोनी ओ देत नाई. दोन ठोके झाले का आमी दारं लावून घेऊ. मंग रानाकडून जळकट वास ये. ते भूत फिरून राह्यलं, अशी आमची समज."

आग लागली त्या दिवशीही दोनच ठोके पडले. गावाने दारं लावली. धुराचा वास आला तोही नेहमीचाच. दारं उघडली तेव्हा रंभेचं छप्पर खाली आलं होतं.

"आणि आता?" कोत्तावारांनी विचारलं. "आता किती ठोके पडतात?"

पोचू गडबडला. कानात बोटं घातल्यावर मोजणार कोण, असं म्हणाला. मग आठवून आठवून म्हणाला की तीन पडतात. "जळून मेलेली बाई ताकदीची रायते. ते तीनदाबी बोलावते."

दादाजींना हे पटलं. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

रंभेचा नवरा इस्तारी आळीत आसरा घेतलेल्या घराच्या दारात जाळं सांधत बसला होता. आगीच्या आदल्या दिवशी त्याचा बाप वारला होता, आणि आगीच्या दिवशी तो राख नदीत सोडायला मार्कंड्याला गेला होता. परत आला तेव्हा एकाऐवजी दोन सुतकं.

देवकाबाईचं घर चिंचेपासून हाकेच्या अंतरावर. म्हातारी लाखोळीची डाळ निवडत होती. त्या दिवशी दुपारी रंभेला पेज नेऊन दिली आणि परत आले, एवढं तिने सांगितलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. आळीतून कुणी भात दिला, कुणी कालवण, तिने पेज.

"सांजेला घंटा ऐकलीत?"

तिने चिंचेकडे पाहिलं. "आइकली," म्हणाली, आणि पुन्हा सुपात मान घातली. तिचे हात मात्र थांबले होते.

राहिला मुखरू. याच गावचा, पण आता जंगलातल्या ठेकेदाराचा मुकादम. गावात सगळी घरं गवताची, याच्या घरावर यंदा नवी कौलं. दंडात कोरा ताईत, गळ्यात दुसरा, दारावर बिब्बा आणि लिंबू. घंटा काढायची सूचना सुनावणीत सगळ्यात आधी त्यानेच केली होती, आणि रूळ न्यायला स्वतःची गाडी द्यायलाही तो तयार होता. येत्या अमावास्येच्या आत ती गेली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

त्या दिवशी आपण गावातच होतो, सकाळपासून घर सोडलं नाही, दोन ठोके ऐकले आणि सगळ्यांसारखं दार लावलं, असं तो म्हणाला.

"आग कशी लागली असेल?"

"त्यात काय साहेब? बाईमाणूस एकटं. चुलीतली ठिणगी छपरात उडाली, दुसरं काय."

कोत्तावारांनी त्याचे आभार मानले. दादाजींना वाटलं, चला, एक तरी शहाणा माणूस भेटला.

नंतर कोत्तावार छकडा चिंचेखाली उभा करून त्यावर चढले. सळई ज्या फांदीला टांगलेली होती तिच्या बेचक्यात साल घासून गुळगुळीत झालेली होती. घासलेली खाच जंगलाच्या बाजूला उतरत होती. मग पोचूला घेऊन ते रानात शिरले. तोडीच्या झाडांचे खुंट उभे होते, प्रत्येकावर सरकारी हातोड्याची छाप, म्हणजे परवानगीने तोडलेलं झाड. थोडं आत गेल्यावर नुसते कोळशाचे खड्डे लागले.

"वणवा," दादाजी धापा टाकत म्हणाले.

"वणव्यात पाला जळतो, मास्तर. सागाचा खुंट मुळापर्यंत जळायला त्याच्यावर लाकडं रचावी लागतात." कोत्तावारांनी कोळशाचा एक तुकडा खिशात टाकला, आणि परत आल्यावर पोचूच्या हाती चामोर्शीच्या ठाण्याला निरोप धाडला.

सांज झाली. गुरं आली, धूळ खाली बसली, आणि घंटा वाजली. एक. आळीतली दारं धडाधड लागली. दोन. दादाजींनी रामरक्षा सुरू केली आणि पहिल्याच श्लोकात चुकले. मग बऱ्याच वेळाने तिसरा ठोका पडला, सगळ्यात जोराचा. लोखंडाला रडू येत असेल तर ते तसंच येत असावं.

कोत्तावार चिंचेच्या दिशेने चालू लागले होते. दादाजींनी हाक मारली, पण ते थांबले नाहीत. थोड्या वेळाने परतले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"दिसलं?" दादाजींनी विचारलं.

"दिसलं. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी चिंचेखालीच सुनावणी भरली. आगाशे खुर्चीवर, गाव जमिनीवर, मागे चामोर्शीचा जमादार. मुखरू पुढेच बसला होता. आगाशांनी लोकांच्या सूचना ऐकायच्या आधी कोत्तावारांना बोलायला सांगितलं.

"ही घंटा दोन जणांनी वाजवली," कोत्तावारांनी सुरुवात केली. "फाल्गुन ते वैशाख दोन ठोके पडत. आता तीन पडतात. भुताला तिसरी हाक येत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. मग तीन ठोके देणारं कोण? माणूस. आणि दोनच ठोके देणारं?"

कोत्तावारांनी वर टांगलेल्या सळईकडे बोट दाखवलं.

"तेही माणूसच. पण ज्याला तुमची रीत ठाऊक आहे असा. परक्याने घंटा वाजवली असती तर चार ठोके दिले असते, दहा दिले असते. मोजून दोनवर थांबतो तो इथलाच. लोकांनी येऊ नये म्हणून तो आगीची घंटा वाजवत होता. सळईला बारीक दोरी, दोरी फांदीच्या बेचक्यातून पलीकडच्या झुडपात. चिंचेच्या सालीवर तिची खाच अजून आहे, आणि ती रानाकडे जाते."

त्यांनी खिशातला कोळसा आगाशांसमोर ठेवला. तुम्हाला वाटायचं भूत आलं की धूर येतो, ते म्हणाले. खरं उलटं होतं. रानात आग लावायची असली की भूत यायचं. ज्या सागांवर सरकारी छाप नव्हती ते चोरून तोडले जात, आणि मग खुंट जाळले जात. पण आग दिसली की हे गाव विझवायला धावायचं, आणि विझवायला आलेल्यांना छाप नसलेले खुंट दिसले असते. म्हणून आधी दोन ठोके. गाव दारं लावून बसलं की काम मोकळं.

"वैशाखात वारा फिरला. रानातली आग रंभेच्या छपरावर आली."

इस्तारीने मान वर केली. "कोन?" एवढंच तो म्हणाला.

कोत्तावार मुखरूकडे वळले. "तुम्ही त्या दिवशी सकाळपासून गावात होतात. मग रंभेच्या सासऱ्याचं सुतक तुमच्या ध्यानात कसं नाही? सगळी आळी त्या घरी भात-कालवण नेत होती. त्या घरी चूल पेटलेलीच नव्हती, मुखरू. चुलीतली ठिणगी म्हणणारा माणूस त्या दिवशी गावात नव्हता. तो आदल्या दिवसापासून रानात होता. सासरा वारल्याचं त्याला मागाहून कळलं असेल, पण ती थंड चूल त्याने पाहिली नव्हती."

मुखरूने दंडावरचा ताईत मुठीत धरला.

"हे ताईत," कोत्तावार म्हणाले, "यांनीच मला आधी वाट दाखवली. या गावात सगळ्यात जास्त भ्यालेला माणूस हाच. कारण पहिलं भूत कोण होतं हे त्याला एकट्याला माहीत होतं. आणि आता त्याची दोरी नसताना घंटा वाजत होती."

"मले तिले मारायचं नव्हतं," मुखरू म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "वारा फिरला साहेब. मी त..." जमादाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इस्तारी उठला, दोन माणसांनी त्याला धरलं, आणि मग तो खाली बसून रडला.

दादाजींनी हळूच विचारलं, "मग तीन ठोके कोणाचे?"

"ते मी सांगणार नाही," कोत्तावार म्हणाले.

तेव्हा मागून देवकाबाई उठली. पदर नीट केला, आणि आगाशांसमोर येऊन उभी राहिली.

"माहे हायेत. मी वाजवतो," ती म्हणाली. "त्या सांजेले घंटा झाल्यावर रंभाची हाक आली. आई, म्हणे. मी दाराले हात लावला. मंग आली दुसरी हाक. आई. मले वाटलं, भूत माह्या पोरीच्या आवाजात बोलावून राह्यलं. मी कडी धरून तिसऱ्या हाकेची वाट पाहत बसली, साहेब. तिसरी आलीच नाई."

चिंचेखाली बसलेल्या सगळ्या आळीनेच त्या दोन हाका ऐकल्या होत्या, आणि आज पहिल्यांदा कुणीतरी ते बोललं होतं.

"तिची तिसरी हाक मी देतो, रोज. कोनी येते का पाहतो. कोनी येत नाई."

आगाशांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मुंबईहून त्यांना आणखी बरंच काही विचारून यायला सांगितलं होतं. त्यांनी एकच विचारलं. बाई, सरकारने काय करावं?

"घंटा राहू द्या," देवकाबाई म्हणाली. "आन लिवून घ्या. तिसऱ्या ठोक्याची वाट पाहू नका. भूत असन त भूत असन. पयल्या ठोक्याले धावा."

आगाशांनी ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. बाकीच्या गावाने त्या दिवशी दुसरी कुठलीच सूचना केली नाही.

छकडा निघाला तेव्हा तिन्हीसांज होत होती. दोघं तळ्याच्या पाळीवर पोचले तोच मागून ठोका पडला. एक. दादाजींनी सवयीने श्वास धरला आणि दुसऱ्याची वाट पाहू लागले.

दुसरा पडला नाही. कोत्तावारांनी बैल थांबवायला सांगितले आणि दोघांनी मागे वळून पाहिलं. आळीतलं एकेक दार उघडत होतं. बायका, म्हातारे, इस्तारी, सगळे भरलेल्या घागरी घेऊन चिंचेकडे धावत होते, आणि चिंचेखाली देवकाबाई सळई हातात धरून उभी होती. विझवायला काहीच नव्हतं. तरी लोक येतच राहिले.