आधी घरचे, मग बाहेरचे

"पट्टा फार घट्ट झाला का हो? झाला असेल तर सांगा, मनात ठेवू नका."

आमच्या पार्कात सकाळी सात वाजता कुणी कुणाशी इतक्या मायेने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणून वळून पाहिलं. गरुडझेप या नव्या रोलर कोस्टरच्या पहिल्या डब्यापाशी निळ्या डगल्यातला एक तरुण वाकून उभा होता, आणि तो ज्यांची विचारपूस करत होता ते गृहस्थ म्हणजे पंचाहत्तर किलो वाळूची गोणी.

"ते बोलत नाहीत," मी म्हणाले.

तो दचकला नाही. हे मी तिथल्या तिथे त्याच्या बाजूला जमा केलं.

"म्हणूनच आवडतात. तीन आठवडे रोज फिरवतोय साहेबांना, एकदा हूं नाही की चूं नाही. तुम्ही बसताय? शेजारची जागा रिकामी आहे."

"मी पाटीचं माप घ्यायला आलेय. मला काम आहे," असं म्हणून मी माप न घेताच निघाले. तेही इतक्या घाईने की मोजपट्टी निम्मी उलगडून मागून फरफटत आली. तो दोनदा हसला. पैकी एक हसू मोजपट्टीसाठी होतं, ते मी धरत नाही.

काम मात्र खरंच होतं. रविवारी आमच्या घरच्या कंपनीला पन्नास वर्षं होणार होती, आणि दारातल्या लांब भिंतीवर त्या पन्नास वर्षांचे टप्पे मांडायचे होते. एकेक फोटो, खाली दोन ओळी. हे माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात साल लक्षात ठेवणारी मी एकटीच. छोटी आगगाडी कधी आली असं विचारलं, तर बाबा म्हणतात, "मला गोवर आला होता बघ, तेव्हा." आकाशपाळण्याचं विचारलं, तर आत्या म्हणते, "माझ्या लग्नात त्याचा रंग ओला होता, माझ्या सासूबाईंच्या साडीला लागला." एकाचा गोवर आणि दुसरीची सासू यांची वजाबाकी करून मी इतिहास लिहीत होते.

सुरुवात मात्र सगळ्यांना पाठ. माझ्या आजोबांनी, आबांनी, हाताने फिरवायचं घोड्यांचं चक्र उभारलं. घोडे सात आणि एक गाढव, कारण आठव्याचे कान सुताराच्या हातून जरा लांब झाले. पहिल्याच दिवशी एका बाईने आबांना विचारलं, "तुम्ही स्वतःचं पोर बसवाल का हो यात?" आबांनी तीन वर्षांच्या बाबांना उचललं, गाढवावर बसवलं आणि दांडा फिरवला. तेव्हापासून आमच्याकडे नियमच झाला. नवं काहीही उभं राहिलं की पहिली फेरी घरच्यांची. मग दार उघडायचं. आधी घरचे, मग बाहेरचे.

दुपारी तोच निळा डगला शिडी घेऊन भिंतीपाशी हजर.

"आबांनी पाठवलं. फोटो टांगायला."

"तुम्हाला टांगता येतात?"

"बाई, मी माणसं उलटी टांगतो. फोटोंचं काय घेऊन बसलात!"

तो फिटर होता. यंत्र बनवणाऱ्यांनीच गरुडझेप उभी करायला पाठवलेला. चार फोटो टांगून झाल्यावर तो शिडीवरच थांबला. एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"भूतबंगल्याच्या या फोटोत तुम्ही नाही."

"मी फोटो काढतेय."

"जहाजाच्या?"

"तोही मीच काढला."

"पाण्याची घसरगुंडी... तीही तुम्हीच. म्हणजे भूतबंगल्याच्या वेळी सात-आठ वर्षांच्या पोरीच्या हातात कॅमेरा दिला?"

"हट्टी होते मी."

तो एक पायरी खाली उतरला. "हट्टी? की..."

वीस वर्षांत घरातल्या एकाही माणसाच्या लक्षात न आलेली गोष्ट या परक्याने वीस मिनिटांत पकडली. मग लपवण्यात काय अर्थ होता? सांगून टाकलं. पाच वर्षांची असताना मी आकाशपाळण्याच्या थेट टोकावर होते आणि पाळणा थांबला. खाली आबा कुणा पाहुण्यांना ब्रेक किती उत्तम लागतो ते दाखवत होते. अकरा मिनिटं दाखवत होते. त्यानंतर मी जमीन सोडलेली नाही.

"आणि रविवारी?" त्याने विचारलं.

तेच तर दुखणं होतं. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आत्याच्या कमरेला पट्टा. उरले आबा आणि मी. आबांना डॉक्टरांनी जिना दिवसातून दोनदा चढू नका म्हणून बजावलंय, आणि आबा म्हणतात, "ठकी बसेल नाहीतर मी एकटा बसेन. घरचं कुणी बसलं नाही, तर गरुडझेप सुरू होणार नाही." मी नाही म्हटलं, तर ऐंशी वर्षांचं ते हृदय त्या उतारावरून खाली येणार होतं.

फिटरने खिशातलं फडकं काढून उगाच हात पुसले. "उद्या सकाळी सात. कंपनी जशी मोठी झाली, तसंच तुम्ही मोठं व्हायचं. घोड्यांपासून."

"आणि कुणाला कळलं तर?"

"गोणी सांगणार नाही. मी गोणीपेक्षा थोडा जास्त बोलतो, पण चहाड्या नाही करत."

फिटर लोकांच्या कामाची एक रीत आहे, आणि आबांनी जुनी यंत्रंही त्यालाच तपासायला लावली होती. रोज दार उघडण्याआधी प्रत्येक यंत्राची पहिली फेरी गोणीची, दुसरी फिटरची. त्या दुसऱ्या फेरीत मी घुसले.

मंगळवारी घोडे. मी घोडा मागितला, त्याने गाढव दिलं. "इतिहासाला धरून चला," म्हणाला. बटणवाले काका यंत्र चालू करताना तोंड फिरवून खोकत होते. खोकला त्यांना नव्हता, हे मला ठाऊक आहे. लगेच आगगाडीही झाली. तिच्या छोट्या डब्यात त्याचे गुडघे कानाला लागत होते, आणि मी हसण्याच्या नादात बोगदा कधी गेला ते पाहिलंच नाही.

बुधवारी आकाशपाळणा... मी पेटीत बसले, दार लागलं, जमीन सुटली, आणि माझा आवाजही.

"मोजा," तो म्हणाला.

"काय?"

"दिवसभर मोजत असता ना सगळं? दिसेल ते मोजा."

"पाण्याच्या टाक्या... चार. दोरीवर शर्ट... सात, एकाला बाही नाही..." पेटी वर चढत होती. वारा गार होता आणि त्याच्या डगल्याला तेलाचा आणि साबणाचा वास होता. टोक आलं तशी मी नजर बाहेरून आत घेतली. "कानाखाली ग्रीसचा ठिपका... एक."

"हं. पुढे?"

"डोळे... दोन."

"बरोबर आले. मला वाटलं, घाबरून जास्त मोजाल."

पाळणा फिरून खाली आला तेव्हा माझा हात त्याच्या मनगटावर होता. किती वेळ होता, त्याची नोंद माझ्याकडे नाही. आयुष्यातली ही पहिली चूक.

"घाबरलीस?" त्याने विचारलं. मग एकदम सावरला. "म्हणजे... घाबरलात?"

"पहिलं बरोबर होतं," मी म्हणाले.

गुरुवारी भूतबंगला. तिथलं मुख्य भूत मान मोडल्यामुळे आमच्याकडे न बघता भिंतीकडे बघून किंचाळलं. फिटर कळवळून म्हणाला, "अरेरे, याला स्क्रू हवा," आणि अंधारात माझा हात सोडून खिसे चाचपू लागला. मला भुताचा इतका राग आयुष्यात आला नव्हता.

शुक्रवारी रिमझिम. यंत्रं बंद. आम्ही घोड्यांच्या छपराखाली गाढवाला टेकून चहा पीत बसलो. पत्र्यावर थेंब वाजत होते.

"सोमवारी मी निघतो," तो कपात बघत म्हणाला. "पुढचं काम दुसऱ्या गावाला. यंत्र चाललं की फिटर गेला, असंच असतं आमचं."

"म्हणजे चाललं नाही, तर राहशील?"

"नीट न चालवण्याची सवय नाही मला."

"उगाच एखादा नट ढिला ठेवायचा..."

"त्यावर तू बसणार आहेस, ठके!"

हे त्याने इतक्या चिडून म्हटलं, की मला फार बरं वाटलं. पण त्यापुढे आम्ही दोघांनी चहाच संपवला. शनिवारी जहाजावर मी चक्क एक हात वर केला. दुसरा कुठे होता ते विचारू नका.

रविवार उजाडला. दाराबाहेर ही गर्दी. आबा कडक इस्त्रीचा सदरा घालून, काठी टेकत, गरुडझेपेच्या पहिल्या डब्याकडे निघाले. मी आडवी गेले.

"आबा, तुम्ही नाही. मी बसते."

आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? आणि शेजारी? पहिल्या डब्यात तुला एकटीला सोडणार नाही मी."

"साहेबांना बसवू का?" बटणवाले काकांनी गोणीकडे बोट दाखवलं.

"गोणी घरची आहे का?" आबा कडाडले. "पन्नास वर्षं नियम मोडला नाही मी."

मी निळ्या डगल्याकडे बोट दाखवलं.

"फिटर बसेल," मी म्हणाले.

"तो तरी घरचा आहे का?"

"नाही..." मी म्हणाले. "अजून नाही."

ठण्ण! गोणीशी बोलताना न दचकलेल्या माणसाच्या हातून पाना पडला.

आबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "काय रे? ही काय म्हणतेय?"

"मला... मला कुणी विचारलं नाही, आबा."

"मी विचारतेय," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "सोमवारी जा, तुझं काम कर. पण परत येताना... घरी येशील?"

त्याने पाना उचलला नाही. सरळ डब्याकडे गेला, बसला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "सोमवारपासून सांगतोय, शेजारची जागा रिकामी आहे म्हणून. ऐकतंय कोण?"

"बसा, बसा लवकर!" आबांनी काठी आपटली. "बाहेर लोक ताटकळलेत. आणि ठके, रोज सकाळी सातला माझ्या यंत्रांवर फिटरच्या शेजारी कोण फिरतं, ते म्हाताऱ्याला कळत नाही असं वाटलं? शिडी देऊन त्याला तुझ्याकडे कुणी पाठवलं होतं?"

बटणवाले काकांना पुन्हा खोकला आला. मी बसले. माझा पट्टा त्याने स्वतः बांधला, दोनदा ओढून पाहिला.

"घट्ट झाला का? झाला असेल तर सांग. मनात ठेवू नकोस."

"नाही ठेवलं," मी म्हणाले, आणि गरुडझेप सुटली.

फोटो आबांनी काढला. काठी सांभाळत काढल्यामुळे तो तिरका आलाय. अर्ध्या फोटोत आभाळ आहे, कोपऱ्यात आबांचा अंगठा. मधोमध मी, डोळे गच्च मिटलेले, तोंड सताड उघडं, आणि मुठीत त्याची कॉलर. त्याचे डोळे मात्र उघडे आहेत. पुढे एवढा मोठा उतार, पण तो बघतोय माझ्याकडे.

दुसरा फोटो लावू म्हणून बाबांनी पुष्कळ सांगितलं. मी ऐकलं नाही. भिंतीवरच्या शेवटच्या जागी तोच टांगलाय. तोही जरा तिरकाच, कारण टांगणारा सोमवारी निघून गेला होता आणि येत्या शनिवारी येणार होता. खाली दोन ओळी लिहायच्या होत्या. मी खूप खोडलं, आणि शेवटी एकच ठेवली:

"पन्नासावं वर्ष. गरुडझेप. पहिली फेरी: घरचे दोघं."