गुलाबी बाहीचा माणूस

त्याचा चेहरा मी नंतर पाहिला. आधी दिसली ती नुसती बाही... फिकट गुलाबी, इस्त्रीची घडी न मोडलेली, आणि तिच्यातून पुढे आलेला एक स्वच्छ हात.

वर्धा-वडनेर गाडी, त्यात बाजाराचा दिवस. पाय ठेवायला जागा नव्हती. दोन बायकांच्या डोक्यांमधून तो हात माझ्यापर्यंत पोहोचला आणि गलक्यात कोणीतरी "वडनेर" म्हणालं. मी मान वर न करता मशीनचं बटण दाबलं, तिकीट फाडलं आणि त्या बोटांत ठेवलं. महिला सवलत, अर्धं तिकीट. गुलाबी बाही म्हणजे बाई. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

वायगाव सुटल्यावर तो गर्दीतून वाट काढत माझ्या सीटपाशी आला. उंच, सावळा, आणि वरपासून खालपर्यंत गुलाबी.

"मॅडम, एक विचारू?"

"सुटे नाईत," मी म्हटलं. कंडक्टरला कोणी काही विचारलं की हे आपोआप तोंडातून निघतं.

"सुटे नाई पायजे. मी तुमाले बाई वाटलो काय?"

त्यानं तिकीट पुढे धरलं. मागच्या सीटवरची आजी पदर तोंडाला लावून हसली. माझे कान तापले.

"गर्दीत मले फक्त हात दिसला," मी म्हटलं.

"मंग? हात आवडला?"

"हात नाई, बाही दिसली! गुलाबी होती."

"गुलाबी घातलं तं माणूस बाई होते काय?"

"आमच्या गाडीत तं आजपर्यंत होत होता."

तो मोकळेपणानं हसला. मग जरा वाकून हळूच म्हणाला, "पुढं चेकिंग लागलं तं मेमो तुमाले भेटन. दुसरं तिकीट द्या. पूर्ण."

दुसरा कोणी असता तर खिडकीकडे तोंड करून गुपचूप वडनेर गाठलं असतं. तीन वर्षांच्या नोकरीत मी अशी माणसं पोत्यानं पाहिली होती. माझी नोकरी सांभाळायला गर्दी तुडवत आलेला माणूस मात्र पहिल्यांदाच पाहत होते.

त्याचं नाव नागसेन. राहायला वडनेरला, नोकरी सावंगीला. दवाखान्यात नर्स होता, नवजात बाळांच्या वॉर्डात, आणि तिथं सगळ्यांनाच गुलाबी ड्रेस होता. बाकीचे पुरुष ड्यूटी संपली की कपडे बदलून निघत. हा तसाच येई.

"बदलत काऊन नाई?" चौथ्या-पाचव्या दिवशी मी विचारलं.

"गाडी सुटते ना. अन् मले आवडते हा रंग. तुमाले नाई आवडत?"

"नाई."

"काऊन?"

मी पुढच्या सीटचं तिकीट फाडलं. खरं उत्तर असं होतं की नोकरीच्या पहिल्या आठवड्यात डेपोत एकानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "ताई, लिपस्टिक लावून घंटी मारशीन काय?" त्या दिवसापासून मी लिपस्टिक सोडली, कानातले झुमके सोडले, आणि कपाटातली गुलाबी ओढणी आत्याच्या पोरीला देऊन टाकली. आवाज चढवून बोलायला शिकले. पंक्चर झालं की जॅक धरायला सगळ्यांच्या आधी मीच खाली उतरायची. आमचे ड्रायव्हर गजेंद्रभाऊ एकदा म्हणाले, "पौर्णिमा म्हणजे गडीच आहे आपला." मी ते वाक्य महिनाभर मिरवलं!

थंडी पडली आणि नागसेनची जागा ठरून गेली. माझ्या शेजारची सीट, खिडकीची बाजू माझी. तो उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणायचा. माझे दोन्ही हात मशीन आणि बॅगेत गुंतलेले, म्हणून तोच सोलायचा आणि दाणे माझ्या तळहातावर ठेवायचा. एक-दोन नाही, मूठभर जमले की मगच.

"सोलता तं भारी. घरी पण करता काय?"

"स्वयंपाक पण करतो. भाकर तुमच्याहून गोल असन."

"तुमी माही भाकर पाहिली कवा?"

"नाई पाहिली. दाखवा ना..."

मी तिकीट-तिकीट करत उठून गेले. उगाचच. गाडीत तेव्हा आठच माणसं होती आणि आठही जणांची तिकिटं झालेली होती.

तो बाळांबद्दल बोलायला लागला की मी ऐकतच राहायची. किलोभराची लेकरं, हातात घेताना आपणच श्वास रोखतो, त्यांच्या नाकातली नळी, सूर्य न पाहिलेली त्यांची बोटं. एकदा बोलता बोलता त्याची नजर माझ्या अंगठ्याकडे गेली. थंडीनं आणि दिवसभराच्या कागदानं तो उलला होता. त्यानं खिशातून मलमाची ट्यूब काढली. "द्या इकडं," म्हणाला. मी दिला. लेकरू धरावं तसा त्यानं तो अंगठा धरला, आणि त्या खडखडत्या गाडीत मला पुढचा थांबा पुकारायचं भान राहिलं नाही. एक म्हातारबुवा दोन किलोमीटर पुढे उतरले आणि मला मनापासून शिव्या देत मागे चालत गेले.

वडनेरला गाडी वीस मिनिटं थांबते. तिथल्या टपरीवर एका संध्याकाळी त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"पौर्णिमा... तुह्या घरी येऊ काय? बाबाले विचाराले?"

"काय विचाराले?"

"आता ते पण मीच सांगू?"

"सांग ना. मले ऐकाचं आहे."

त्यानं सांगितलं. अगदी साध्या शब्दांत, माझ्याकडे बघून. मी ग्लासात बघत म्हटलं, "रविवारी येजो. एक बरं आहे, आपल्या बौद्धाच्या लग्नात नवरा-नवरी दोघंही पांढरंच घालतात. नाईतं तू मंडपात गुलाबी घालून उभा राह्यला असता!"

दोघंही हसलो. माझं हसू थट्टेचंच होतं, पण त्यात थोडी सुटकाही होती. ती मला तेव्हा कळायला हवी होती.

बातमी डेपोत पोहोचायला दोन दिवस लागले. कॅन्टीनमध्ये मी शिरले आणि एकानं टेबल वाजवलं, "आल्या, आमच्या गुलाबी जावयाच्या मालकीण आल्या!" दुसरा म्हणाला, "ह्या घरी वर्दी घालतीन, अन् ते डायपर बदलतीन." गजेंद्रभाऊंच्या तोंडातला चहा हसून हसून सांडला. सगळे माझ्याकडे बघत होते, आता ही काय करते म्हणून. एका दारुड्याला कॉलर धरून चालत्या गाडीतून उतरवायला निघालेली पोरगी मी. वाटलं होतं, आता मी असं काही सुनावेन की...

मी हसले. सगळ्यांत मोठ्यानं.

शनिवारी संध्याकाळी मी त्याला फोन केला. "उद्या पांढरा शर्ट घालजो. अन् ऐक ना... वॉर्डाचं नको सांगू. ऑफिसात आहो म्हण."



"काऊन?"

"बाबा जुन्या वळणाचे आहेत रे. त्याईले नाई समजणार."

"बरं," तो म्हणाला. "पाहू."

रविवारी तो आला. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. आयुष्य सूतगिरणीत घालवलेला माणूस, बोलणं कमी. त्यांनी विचारलं, "दवाखान्यात काय करता?" मी पोह्यांच्या बशा घेऊन आत येत होते. त्यानं तोंड उघडायच्या आधी मीच बोलून गेले, "ऑफिसात आहेत. कागदपत्राचं काम."

नागसेननं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग तो बाबांकडे वळला.

"नाई बाबा. मी नर्स आहो. कमी दिवसाचे लेकरं सांभाळतो. दूध पाजतो, पुसतो, लंगोट बदलतो. तेच काम आहे माहं."

मी बशा खाली ठेवल्या. बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"किती वजनाचं लेकरू जगवलं?"

"साडेसातशे ग्रॅमचं. आता शाळेत जाते."

बाबांनी चष्मा काढला. "पौर्णिमाच्या आधी आमाले पोरगं झालं होतं. सातव्या महिन्यात. तीन दिवस राह्यलं." मग आईकडे बघून म्हणाले, "तवा असं धरणारं कोणी भेटलं असतं तं..." आई उठून आत गेली. परत आली ती डोळे पुसत, आणि त्याच्या बशीत न विचारता आणखी पोहे वाढले. बाबा म्हणाले, "आमाले पोरगा पसंत आहे."

माझ्या घरात अशी गोष्ट होती आणि ती मला पंचवीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. त्याला पंधरा मिनिटांत सांगितली.

फाटकापाशी तो चपला घालत होता. मी घाईघाईनं म्हटलं, "पाहिलं? मी उगाच घाबरली..."

"त्याईले समजलं पौर्णिमा. तुलेच नाई समजलं."

"लोकं हसतात रे. डेपोत..."

"तू पण हसली काय?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्या तोंडावर दुसऱ्यांदा खोटं बोलायची हिंमत झाली नाही.

"...हसली."

त्यानं मान हलवली. "बाहेरच्यांचं मले लागत नाई. सवय आहे. पण घरी येताना पण कपडे बदलून यावं लागन, तं ते घर कशाले?" मग, जरा थांबून, "विचार कर. मी वाट पाहतो. तुले जे वाटलं ते येऊन सांगजो."

येऊन सांगजो. इतकं सरळ बोलला होता तो.

आणि मी काय केलं? मीही वाट पाहत बसले! त्यानं गाडी बदलली, तर मला वाटलं रुसला आहे, येईल. फोन वाजला की धावायची, आणि स्वतः लावायची वेळ आली की हात मागे. आई रोज म्हणायची, "जा ना पोरी." मी म्हणायची, "मी काऊन जाऊ? पोरीनं जाऊन मनवाचं काय? पोरगं येते." खाकी घालून पन्नास माणसांवर आवाज चढवणारी मी, आणि मनात ओढणीचं टोक चावत दाराआड उभी! ज्या गोष्टीपासून सगळं सोडून पळाले होते ती माझ्यातच ठाण मांडून बसली होती, आणि मला पत्ता नव्हता.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी गेले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले. तो हात पुसत बाहेर आला, मला पाहून थबकला, मग शेजारी बसला. आमच्यामध्ये एका माणसाची जागा ठेवून.

"चूक माही होती," मी म्हटलं. "मले तुही लाज वाटली. तुह्यात लाज वाटण्यासारखं काईच नव्हतं. हे तुले तवाच सांगाले पायजे होतं."

"हाव," तो म्हणाला. आवाज मऊ होता. "मले रोज वाटे, आज तू येशीन."

"मले वाटे तू येशीन. पोरानंच यावं... असं."

"तू?" त्यानं चमकून पाहिलं. "तुले असं वाटलं?"

"मले."

तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. खाली बघत म्हणाला, "मागच्या रविवारी साक्षगंध झालं माहं. पुलगावची आहे. आईनं पाहिली."

साखरपुड्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. आयुष्यभर ऐकलेला तो शब्द तेव्हा मला नीट ऐकूच आला नाही असं वाटलं.

"चांगली आहे?"

"चांगली आहे."

"मंग झालं," मी म्हटलं. "मले तू आवडतोस, नागसेन. आता सांगून उपयोग नाई. पण तू येऊन सांगजो म्हटलं होतं."

त्यानं काही बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून एक बाळ रडलं, मांजराच्या पिल्लाएवढा आवाज, आणि तो उठला. दाराशी एकदा वळून पाहिलं त्यानं. मग आत गेला, कारण त्या लेकराला वाट पाहायला लावणं त्याला जमणारं नव्हतं.

मी बाहेर येऊन ऑटोत बसले. वर्ध्याच्या बसस्थानकावरून सावंगीला यायला पंधरा मिनिटं लागतात. मला अडीच महिने लागले होते.