आत एकूण: एक

खुर्ची जरा पुढे घ्या. दिवा राहू द्या तसाच, हल्ली मी तो दुपारपासूनच लावून बसतो. ते तपासणी केंद्राचं काम मी का सोडलं, असं तुम्ही विचारलंत. सांगतो, पण मध्ये हसू नका. मी स्वतः पुष्कळ हसून बघितलं, उपयोग झाला नाही.

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. लोकांच्या मशीनमधल्या माहितीची रोज एक प्रत निघावी आणि ती दुसऱ्या जागी जाऊन बसावी, एवढी व्यवस्था मी करून देतो. उद्या मशीन जळलं किंवा कुणी रागाच्या भरात सगळं पुसून टाकलं, तरी प्रत शिल्लक राहते. मोठ्या मशीनवर हे काम करताना पडद्यावर चित्रं नसतात की माऊस नसतो. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि आपण टाइप केलेली आज्ञा, बस्स. पंधरा वर्षं हेच करतोय. त्यामुळे बोटं डोक्याच्या आधी चालतात, आणि हा आपला गुण आहे असं मला वाटायचं.

तो शनिवार होता. अकराच्या सुमाराला मी पोचलो. स्वागतकक्षातल्या ताई मला तळघरात घेऊन गेल्या. क्ष-किरण आणि स्कॅनच्या सगळ्या प्रतिमा तिथल्या एका मशीनमध्ये असत. खोलीला खिडकी नाही. दार लोखंडी, मध्ये तळहाताएवढी काच. आत जाताना कार्ड टेकवायचं, बाहेर येतानाही टेकवायचं. कोण आत आहे, कोण बाहेर, ही नोंद तेच मशीन ठेवायचं आणि कुलूपही त्यालाच विचारून उघडायचं. दाराच्या आतल्या बाजूला एक हिरवं बटण होतं.

"हे काय, ताई?"

"कार्ड चाललं नाही तर दाबायचं. टेपकाकांच्या नंतर बसवलं." त्यांनी आवाज खाली आणला. "पूर्वी हे मशीन तेच बघायचे. टेपवर प्रती घ्यायचे म्हणून सगळे टेपकाका म्हणत. सहा वर्षं झाली. शुक्रवारी दुपारी खाली आले, वीज गेली, दार अडकलं. आम्हाला वाटलं, घरी गेले. शनिवारी सुट्टी होती. सोमवारी... जाऊ दे. तुम्ही तुमचं काम करा."

खोलीत चांगलाच गारठा होता, मशीनसाठी ठेवावाच लागतो. दारामागच्या खुंटीवर एक विटकरी स्वेटर लटकत होता. सहा वर्षांत तो कुणी काढला नव्हता. पंख्यांची घरघर एकसुरी होती, आणि तापलेल्या धुळीच्या वासात ओलसर लोकरीचा वास मिसळलेला होता.

मी कामाला लागलो. प्रती घेणाऱ्या नव्या प्रोग्रॅमचं गाठोडं इंटरनेटवरून उतरवून घेतलं, सोडलं, सर्वाधिकार असलेल्या खात्यात शिरलो आणि बसवायची आज्ञा दिली. मग ते प्रश्न विचारायला लागलं. कुठे बसू? अमुक जागी बसू का? एंटर. या मशीनचं नाव काय? हेच ठेवू का? एंटर. मशीन सुरू झालं की आपोआप सुरू होऊ? एंटर. असे अकरा प्रश्न. प्रत्येकाचं नेहमीचं उत्तर त्यानंच कंसात लिहिलेलं असतं, नुसतं एंटर मारलं की ते धरलं जातं. आमच्यातला कुणीही ते प्रश्न वाचत नाही. वाचणारा नवशिका समजला जातो.

एक वाजून दहा मिनिटांनी पहिली पूर्ण प्रत निघाली आणि शहरातल्या दुसऱ्या मशीनवर जाऊन बसली. मी खूश झालो. पावणेदोनला भिंतीवरचा आतला फोन वाजला.

"साहेब, मी दोनला निघते. वर कोणी नसेल. कार्ड आहे ना तुमच्याकडे? दार ओढलं की आपोआप लागतं."

"निघा तुम्ही. माझं अर्ध्या तासाचं काम उरलंय."

ते अर्ध्या तासाचं काम म्हणजे टेपकाकांची शेवटची प्रत. त्यांच्या पश्चात कपाटात एक टेप सापडली होती, ती वाचता येते का तेवढं बघायचं होतं. टेप लावली. तारीख त्याच शुक्रवारची होती, दुपारची. म्हणजे आत आल्यावर काकांनी पहिलं काम केलं होतं ते रोजची प्रत घेण्याचं. मला जरा कसंसंच झालं. पण मी आज्ञा दिली. ते विचारायला लागलं. सगळं परत आणू? एंटर. कुठे ठेवू? मूळ जागी?

एंटर.

बोट उचललं आणि चूक लक्षात आली. जुनी प्रत बाजूच्या रिकाम्या जागेत उतरवून बघायची असते. मूळ जागी नाही! मूळ जागी म्हणजे आजच्या याद्यांवर सहा वर्षांपूर्वीच्या याद्या. मी थांबवायला गेलो, तोवर पासवर्डांची यादी, दाराची यादी, सगळं जुनं होऊन बसलं होतं. तरी मी स्वतःची समजूत घातली. एक वाजता काढलेली प्रत आहे की, तीच परत आणू. आणि घाईघाईत मशीन बंद करून चालू केलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

मशीन वर आलं. नाव विचारलं, दिलं. पासवर्ड दिला. चूक. पुन्हा दिला. चूक. बरोबरच होतं, सहा वर्षांपूर्वी मी कुठे होतो? या मशीनला मी ठाऊकच नव्हतो.

मग डोक्यात दुसरा प्रकाश पडला. मी उठून दाराशी गेलो आणि कार्ड टेकवलं. लाल दिवा. पुन्हा टेकवलं. लाल. हिरवं बटण दाबलं. काहीच नाही. बटण काकांच्या नंतरचं. ते असतं हेही मशीन आता विसरलं होतं.

मोबाईलला तळघरात रेंज नव्हती. भिंतीवरच्या फोनवरून वरचा नंबर फिरवला. वर तो वाजत असल्याचं मला छतातून ऐकू येत होतं. कोणी उचलायला नव्हतं. अडीच वाजले होते, आणि केंद्र उघडणार होतं सोमवारी. मी दारावर लाथा घातल्या, ओरडलो, आणि घसा बसल्यावर गप्प झालो. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. रडू आलं, खोटं कशाला सांगू. बायकोला मी फक्त "येतो" म्हणून निघालो होतो.

तीन वाजता पडद्यावर एक ओळ उमटली. दाराची नोंद ठेवणारा मशीनमधला प्रोग्रॅम दर तासाला तशी ओळ टाकायचा.

आत एकूण: एक. टेपकाका. बावन्न हजार सहाशे दहा तास.

हे सरळ होतं. काका शुक्रवारी आत आले, बाहेर पडल्याची नोंद नाही, मशीन तेव्हापासूनचे तास मोजतंय. मी स्वतःला मोठ्यानं समजावून सांगितलं. माझा आवाज पंख्यांत विरून गेला.

चारला पुन्हा. आत एकूण: एक. टेपकाका. बावन्न हजार सहाशे अकरा तास.

मला भीती वाटली ती त्या आकड्याची नाही. खोलीत मी होतो, घाम पुसत होतो, श्वास घेत होतो, आणि मशीन सांगत होतं की आत एकच माणूस आहे आणि तो मी नाही. मी हिशेबातच नव्हतो. पाच वाजता मी पडद्याकडे पाठ करून बसलो. तरी ओळ आल्याचं मला कळलं, कारण मागची खुर्ची कुरकुरली. माणूस वाचायला पुढे वाकतो तशी.

"कोण... कोण आहे?"

पंखे. फक्त पंखे. लोकरीचा वास मात्र आता दारापाशी नव्हता. माझ्या खांद्याशी होता.

मी वळून बघितलं नाही. भिंतीला धरून खुंटीपर्यंत गेलो. हातपाय इतके गार पडले होते की मेलेल्या माणसाचा असो की जिवंत, तो स्वेटर मी अंगात घातला. तो मला बरोब्बर बसला. खिशात हात घातला तर बोटांना काहीतरी चपटं लागलं. काकांचं कार्ड.

ते टेकवायला मला फार वेळ लागला. त्यावरचा फोटो झिजून पांढरा झाला होता. मनात एकच विचार घोळत होता, हे वापरलं तर बाहेर जाईल कोण? पण अडकलेल्या माणसाला असले प्रश्न परवडत नाहीत. मी कार्ड टेकवलं.

हिरवा दिवा. खट्.

दार ओढताना काचेत पडद्याचं प्रतिबिंब दिसलं. नवी ओळ आली होती. टेपकाका, बाहेर. आत एकूण: शून्य. आणि मागून, अगदी थकलेल्या आवाजात, कोणीतरी म्हणालं, "हं."

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. घरी आलो. बायको म्हणाली, "अहो, हा कुणाचा स्वेटर?" मी तो बाहेरच्या कचरापेटीत टाकून दिला.

सोमवारी त्यांचा दुरुस्तीवाला गेला. त्यानं एक वाजून दहाची माझी प्रत परत आणली आणि सगळं पूर्ववत झालं. माझा जीव भांड्यात पडला. मंगळवारी ताईंचा फोन आला.

"साहेब, तुम्ही आत कधी गेलात? तुमचं नाव आत दाखवतंय."

मी हसलो. प्रत काढली तेव्हा मी आत होतोच, त्यामुळे ती नोंद परत आली, असं त्यांना समजावलं. "पुसून टाका."

"पुसता येत नाही. आत माणूस असताना नाव काढता येत नाही, असं म्हणतंय."

"मग बाहेर पडल्याची नोंद हातानं टाका."

"टाकली. परत आत दाखवतं." मग त्यांनी विचारलं, "आणि साहेब... मघाशी आतल्या फोनवरून तुम्हीच बोललात ना?"

"मी घरी आहे, ताई."

"आवाज तुमचाच होता. 'ताई, दार उघडा' म्हणालात. मी खाली जाऊन काचेतून बघितलं, कोणी दिसलं नाही. वर आले तर परत फोन. म्हणून विचारते... उघडू का?"

मी म्हणालो, "नको."

का म्हणालो? कारण तो सुटला तर जाईल कुठे? त्याला माझ्या घराचा रस्ता ठाऊक आहे. बायकोचं नाव ठाऊक आहे, किल्ली कुठे ठेवतो ते ठाऊक आहे. जे शनिवारी दुपारी एकपर्यंत मला ठाऊक होतं ते सगळं त्याला ठाऊक आहे. आणि तिथून मी काकांच्या नावावर बाहेर पडलोय, तो मात्र माझ्या नावावर आत आहे.

रोज फोन यायचा. "उघडू का?" "नको." तो काय म्हणतो, तेही त्या सांगायच्या. थंडी वाजते म्हणतो. किती वाजले विचारतो. घसा बसलाय त्याचा. मी ऐकून घ्यायचो आणि नको म्हणायचो. आत एकट्यानं बसणं काय असतं हे मला माहीत होतं, तरी म्हणायचो. जेवण जाईना. अकरा दिवस मी एका माणसाला कोंडून ठेवलं, आणि तो माणूस मी होतो की नव्हतो हेसुद्धा मला सांगता येत नाही. मी ते काम, ते मशीन, सगळं सोडून दिलं. फोन तेवढा सोडता आला नाही.

आज सकाळी ताईंनी विचारलं नाही. सांगितलं.

"साहेब, मी उघडलं दार. रागावू नका. काल रात्रपासून नुसतं कण्हणं ऐकू येत होतं. खरंच माणूस असला तर? टेपकाकांच्या वेळी आम्ही असंच दुर्लक्ष केलं होतं. आज उघडलं, तर आत कोणी नव्हतं. पण पडद्यावर आता शून्य आलंय बघा. सुटलात एकदाचे!"

त्या मनापासून हसल्या. फार भल्या बाई आहेत. मी विचारलं, किती वाजता उघडलंत? नऊला म्हणाल्या. तिथून इथवर चालत यायला सात-आठ तास लागतात. म्हणून तुम्हाला बोलावून घेतलं. एकट्याला बसवेना.

तुम्ही आलात तेव्हापासून मी या खोलीतून उठलेलो नाही, हे तुम्ही बघताय. पुढचं दार समोर आहे. मागचं स्वयंपाकघरातून उघडतं. बायको तिथे आहे. आत्ता भांड्यांचा आवाज थांबला, ऐकलंत?

आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. "अहो" म्हणून ती या घरात एकाच माणसाला हाक मारते.

ऐका.

"अहो, केव्हा आलात? आणि आवाजाला काय झालं तुमच्या?"