भागुबाईचा कोपरा

भागुबाईला त्या दिवशी काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. पहिल्यांदा दहा हजारांचं कर्ज, ते वेळेवर फेडलं की वीस, तेही फेडलं की पन्नास. तारण काही नाही, व्याजातले सात टक्के सरकारच्या माथी. आणि या सगळ्याहून मोलाचा कागद म्हणजे दौंड स्टेशनबाहेरचा तो कोपरा तिचाच असल्याचं विक्रेत्याचं प्रमाणपत्र. करोनात ज्यांचे गाडे बंद पडले, त्यांना सरकारनं पुन्हा उभं राहायला हात दिला होता. भागुबाईनं आपल्या मटकी भेळेच्या गाड्यामागं उभं राहून फक्त एक फोटो काढून घ्यायचा होता. एवढ्याशा कामाला बाई चुकली... निदान लोक तसं म्हणाले.

नगरपालिकेची माणसं मोबाईल सरसावून आली, तेव्हा तिनं खाली कांदा चिरत बसलेल्या सुनेला दंडाला धरून उठवलं. "हिचा काढा. गाडा हिचाच हाय."

सीमा लग्नापासून गाड्यावर राबत होतीच, तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं. पण तिचा नवरा, भागुबाईचा एकुलता एक विनोद, दुसऱ्या लाटेत जाऊन अजून सव्वा महिनाही झाला नव्हता. सुजल्या डोळ्यांचा तो फोटो निघाला आणि सीमाच्या काळजात एक काटा कायमचा रुतून बसला : सासूनं आपलं दुःखसुद्धा धंद्याला लावलं. कवठे येमाईहून आलेल्या तिच्या भावानं, सम्राटनं, त्या काट्याला धार लावली. "म्हातारी लई हुशार. कर्ज सुनंच्या डोक्यावर, आन् गल्ला आपल्या मांडीखाली."

भागुबाईनं ते ऐकलं आणि ती मटकी निवडत राहिली. सांगायचं ठरवलं असतं तर तिला सांगता आलं असतं... पण सांगितलं की त्याचा उपकार होतो, आणि उपकाराच्या ओझ्याखाली दबून पोरगी जवळ राहिली, तर त्या राहण्याला माया कोण म्हणेल?

सीमानं मात्र कर्जाचं सोनं केलं, हे कबूल करायला हवं. दहा फेडले, वीस फेडले, पन्नासात स्टीलचा नवा गाडा आणला, मोठी छत्री लावली, मोबाईलवर पैसे घ्यायची सोय केली. धंदा वाढला. घरातलं बोलणं तेवढं आटलं.

"आत्या, मटकी भिजवली?"

"भिजवली."

झाला दिवसाचा संवाद.

अशी तीन वर्षं गेली आणि सम्राट सीमासाठी रांजणगावच्या कंपनीतल्या नोकरीची खबर घेऊन आला. "ताई, बास झाली चाकरी. शिरूरला खोली बघितलीय." सीमा नाही म्हणाली नाही. भागुबाईनं पदरानं हात पुसले. "जा बाई. शिकलेली हायेस." एवढंच बोलली, आत मात्र काळजाच्या चिंध्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी, निघण्याआधी, राहिलेलं कर्ज मिटवायचं कसं ते विचारायला बहीणभाऊ बँकेत गेले, आणि नेमका तेव्हाच नगरपालिकेचा तपासनीस गाड्यासमोर उभा राहिला.

"प्रमाणपत्र सीमाबाईंचं आहे. तुम्ही कोण?"

गाडा मूळचा आपला, हे कळलं तर पोरीकडून पैसे परत मागतील, असं भागुबाईच्या भाबड्या मनानं घेतलं. "मी व्हय? मी कामाला हाय हितं. मालकीणबाई बँकेत गेल्यात."

शेजारच्या चहावाल्या सावळारामला ठसका लागला. "भागे, अगं..." भागुबाईच्या डोळ्यांकडं पाहून त्यानं गाळणीत तोंड घातलं.

"मग अवघड आहे, मावशी," तपासनीस म्हणाला. "पगारी माणूस बसवून ही जागा चालवता येत नाही. स्वतः बसायचं, नाहीतर घरच्यानं. प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं."

जे वाचवायला ती खोटं बोलली, तेच तिच्या खोट्यानं बुडत होतं.

"साहेब, खोटं बोलतीया ती." सीमा मागं येऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. "माझी आई हाय ही. माझ्या आधी बावीस वर्षं ह्याच कोपऱ्यावर ऊन खाल्लंय हिनं. फोटोला मला हिनंच उभं केलं."

"गप गं. पैसे मागतील तुझ्याकडं."

"कोणी मागत नाही, मावशी. सासू ना? तसं लिहितो."

"आई लिहा," सीमा म्हणाली.

"कुटुंबीय लिहितो. त्यात दोन्ही बसतं," म्हणून तो भला माणूस पुढच्या गाड्याकडं वळला.

सीमानं सासूचा हात धरला. "आत्या, तवा मला का उभी केली?"

भागुबाईनं स्टेशनकडं नजर वळवली. "इनोद गेला. लेकरू न्हाई. उद्या तुला हितनं कुणी ऊठ म्हणू नये म्हून." मग हळूच म्हणाली, "म्या बी म्हणू नये म्हून."

भर रस्त्यात, गिऱ्हाइकांच्या देखत, सीमानं त्या थकल्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तीन वर्षांचं साचलेलं सगळं वाहू दिलं... भागुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"ताई, यष्टी सुटंल," सम्राट पुटपुटला.

"सुटू दे. मी न्हाई येत. तू भेळ खाऊन जा. आन् पैसे देऊन जा."

तेव्हा आता कोणी काय भरलं ते : हप्ते सीमानं भरले, व्याजातला वाटा सरकारनं उचलला, भेळेचे तीस रुपये सम्राटनं मुकाट्यानं दिले. आणि तीन वर्षांच्या गैरसमजाचं कर्ज भागुबाईनं एकटीनं फेडलं, कुणाकडं एका शब्दाची सूट न मागता.