भाकऱ्यांचा नकाशा

बसा निवांत. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी बायकोलाही धड सांगितलेली नाही.

दमनहूर शहराच्या वाहतूक खात्यात मी एकवीस वर्षं अपघातांचे नकाशे काढले. गाडी कुठून आली, कुठे थांबली, माणूस कुठे पडला, एवढंच काम. पण कोर्टात दोष कोणाचा, हे पुष्कळदा माझ्या पेन्सिलीवर ठरायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याची थोडी घमेंडही होती.

रमजानचा पहिला आठवडा होता. रोजा सुटायला दहा मिनिटं असताना कालव्याकाठच्या रस्त्यावर हाझिम नावाच्या औषधविक्रेत्याने बयूमीला उडवलं. बयूमी सायकलवरून भट्टीच्या भाकऱ्या पोचवायचा. डोक्यावर भाकऱ्यांनी भरलेली भलीमोठी चौकट, एक हात तिला आणि एक हँडलला. बिचारा जागीच गेला.

मी पोचलो तेव्हा रस्ता स्वच्छ होता. आपल्याकडे जमिनीवर पडलेली भाकरी कोणाला बघवते? आवाज ऐकून धावत आलेल्या लोकांनी आधी प्रेत कडेला घेऊन त्यावर चादर घातली आणि मग एकेक भाकरी उचलून, ओठांना लावून, कालव्याच्या कठड्यावर नीट रचून ठेवली. पुण्याचं काम केलं आणि सगळा पुरावा पुसून टाकला. हाझिमने गाडी आणि सायकल दोन्ही बाजूला घेतल्या होत्या. तो म्हणाला, सायकल उलट्या बाजूने अंगावर आली. प्रत्यक्ष टक्कर कोणीच पाहिली नव्हती. मला भूक लागली होती. मी त्याचा जबाब घेतला, बयूमीचा बाण उलटा काढला आणि घरी जाऊन मसुराचं सूप प्यायलो.

दोन आठवड्यांनी बयूमीची बायको नबविय्या माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही माझ्या माणसाला चुकीच्या बाजूला काढलंत."

"बाई, रस्त्यावर खुणाच नव्हत्या."

"भाकऱ्या होत्या की."

"त्या कठड्यावर होत्या."

"मग गाडी काय कठड्यावरून आली होती?" ती म्हणाली. "सतरा वर्षं सायकल चालवली त्यानं. कधी उलटा गेला नाही. आता तो मेला, तर तुम्ही त्याला उलटा घालताय. तो गाडीवाला सुटेल, आणि माझ्या माणसानं आपणहून जीव दिला असं कागदावर राहील."

मी तिला खुर्चीसुद्धा दिली नाही. पण तिने अर्ज केला होता, आणि सरकारी वकिलांनी पुन्हा मोजणी करायचा हुकूम धाडला.

मी मुद्दाम रोजा सुटायची वेळ निवडली, कारण तेव्हा तो रस्ता ओस पडतो. रोजा सुटल्याची तोफ झाली. घराघरांतून चमच्यांचा आवाज आला, कुठेतरी रेडिओ खरखरला, आणि मग काहीच ऐकू येईना. कालव्याचं पाणीसुद्धा थांबल्यासारखं वाटत होतं. मी एक खजूर तोंडात टाकला, आणि तेवढ्यात वास आला. भट्टीतून आत्ता काढलेल्या भाकरीचा... त्या दिवशी भट्टी तर दुपारीच बंद झाली होती.

रस्त्याच्या उजव्या अंगाला एक भाकरी पडली होती.

हात आपोआप गेला. उचलली, ओठांना लावली, कठड्यावर ठेवली. बोटं भाजली इतकी ती गरम होती. वळलो, तर चार पावलांवर दुसरी. तीही उचलली. मग तिसरी. चौथीसाठी वाकलो आणि सहज मागे पाहिलं. कठडा रिकामा होता. माझ्या तिन्ही भाकऱ्या रस्त्यावर, जिथल्या तिथे, परत पडलेल्या होत्या.

पळून जावंसं वाटलं. पण मग डोक्यात उजेड पडला, स्वतःलाच म्हणालो... अरे वगीह, तू पुन्हा तेच करतोयस. पुन्हा पुसतोयस.

अल्लाहची माफी मागितली आणि भाकऱ्या तशाच पायदळी राहू दिल्या. आयुष्यात एवढं जड काम मी दुसरं केलेलं नाही. खडू काढला आणि एकेकीभोवती वर्तुळ ओढत गेलो. दिव्याच्या खांबापासून सव्वीस मीटरपर्यंत सगळ्या उजव्या अंगाला, म्हणजे आमच्याकडे वाहनं चालवायच्या बरोबर बाजूला, पुढे पुढे फेकल्या गेलेल्या. माणूस आपल्या बाजूने चालला होता, आणि धडक मागून बसली होती.

"बयूमी...?" मी हळूच म्हणालो.

फक्त जवळच कोणीतरी धापा टाकत होतं, लांबून सायकल मारत आल्यासारखं.

मी टेप लावून मोजलं, फोटो काढले. मान वर केली तेव्हा रस्त्यावर नुसती खडूची वर्तुळं होती. फोटोंतही तेवढीच.

ईद झाल्यावर खटला उभा राहिला. पहिला नकाशा चुकीचा होता, चूक माझी होती, असं मी भर कोर्टात सांगितलं. हाझिमच्या वकिलाला तर आयतंच कोलीत मिळालं.

"खडूची वर्तुळं! आमच्या गल्लीतल्या मुली लंगडी खेळायला काढतात तशी! साहेब, उपवासाने भल्याभल्यांना चक्कर येते."

लोक हसले. नबविय्या खाली बघत बसली. न्यायाधीशांनी फोटो हाझिमच्या हातात दिले. त्याने पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला.

"उचला त्या," तो पुटपुटला. "कोणीतरी उचला... चाकाखाली येतायत."

"काय उचला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"भाकऱ्या..." वकील त्याला गप्प करत होता, पण तो थांबेना. "आईचा फोन होता. जेवण निवतंय म्हणत होती. मी फोनकडे बघत होतो. मान वर केली तर समोर त्याची पाठ... नुसती पाठ दिसली मला."

उलट्या बाजूने येणाऱ्याची पाठ दिसत नाही. हे कोर्टात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. तीन वर्षांची शिक्षा झाली. नबविय्याने हंबरडा फोडला नाही, नुसतं डोळे मिटून घेतले. मला बरं वाटलं, आणि तितकीच लाजही वाटली.

निकालानंतर न्यायाधीशांनी मला आत बोलावलं. फोटोंवर सह्या राहिल्या होत्या.

"मोजताना टेप कोणी धरली होती?"

"मी एकटाच होतो, साहेब. टोक दगडाखाली दाबलं होतं."

त्यांनी एक फोटो माझ्यापुढे सरकवला. टेप माझ्याकडून निघून वर्तुळांवरून पलीकडे गेली होती. पलीकडचं टोक जमिनीवर नव्हतंच. उकिडवा बसलेला माणूस धरील तेवढ्या उंचीवर ते हवेत होतं. ताठ ओढलेलं.

मग त्यांनी मोजणीचा कागद पुढे केला. 'मदतनीसाचं नाव' हा रकाना कोरा होता.

मी पेन उचललं आणि तिथे लिहिलं, बयूमी.

त्यांनी ते वाचलं आणि शिक्का मारला.